डिप्लॉय केलं आणि सहा दिवसांचं दूध गेलं

बिनपगारी सचिव:

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, चूकभूल सांभाळून घ्या. २१ तारखेला बिल काढायचंय आणि आज १८.

आमचे आबा गावच्या दूध संस्थेचे सचिव. भुदरगड तालुका, उत्पादक ६३, यावरून गाव केवढं ते समजा. मी कोल्हापुरात एका कारखान्याच्या हिशेब खात्यात. प्रोग्रॅमिंग व्हिडिओ बघून शिकलेलं. आमच्याकडं दुधाचं बिल दहा दिवसांचं असतं: १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. बिलाच्या आदल्या रात्री आबा रजिस्टर, दरपत्रक आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. फॅट ६.८, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ९.१, दरपत्रकावर बोट फिरवत दर शोधायचा, लिटरला गुणायचा, पशुखाद्याची पोती आणि उचल वजा करायची. रात्रीचे दोन वाजतात. मला ते बघवेना म्हणून फ्लास्कमध्ये (पायथनमध्ये वेब ॲप बनवायचा तयार सांगाडा) एक ॲप लिहिलं. डेटाबेस एसक्यूलाइट, एकच फाइल. रेपो, म्हणजे कोडची पेटी, गिटहब या साइटवर, तिथून एका क्लाउड प्लॅटफॉर्मला (दुसऱ्याच्या सर्व्हरवर ॲप चालवून देणाऱ्या सेवेला) जोडलेला. फुकटचा प्लॅन. पुश केलं, म्हणजे बदल गिटहबवर चढवला, की दोन मिनिटांत आपोआप डिप्लॉय, म्हणजे नवं ॲप चालू. पहिल्यांदा चाललं तेव्हा मी स्वतःलाच चहा पाजला.

१२ तारखेच्या सकाळी संस्थेत सुरू केलं. टेस्टरवर (फॅट काढायच्या यंत्रावर) बसणारा पोरगा मोबाइलवर नोंद करायचा. पहिल्या पहाटे ॲप उघडायला मिनीटभर लागला आणि रांग ओरडली, पण ते मी त्याच सकाळी मिटवलं. दोन दिवस आबांनी जोडीला रजिस्टरही लिहिलं. मग मीच म्हणालो, आबा, आता पेन ठेवा खाली. ठेवला त्यांनी.

१७ तारखेला दुपारी चारच्या सुमारास कोल्हापुरात बसून एक बारीक दुरुस्ती केली. बिलावर 'शिल्लक'च्या जागी 'शिलक' येत होतं, तेवढं एक अक्षर. पुश केलं, डिप्लॉय झालं, हिरवा टिक आला. पावणेसहाला आबांचा फोन. म्हणाले, "अरे, सगळीकडं चंद्रीचंच दूध दिसतंय."

चंद्री आमची म्हैस. ॲप बनवताना तपासायला म्हणून मी तिच्या दुधाच्या १४ नोंदी टाकल्या होत्या. ॲपमध्ये आता तेवढ्या १४ नोंदी आहेत. १२ च्या सकाळपासून १७ च्या सकाळपर्यंत ११ पाळ्या, सातशेला थोड्या कमी नोंदी, सगळं साफ. एरर नाही, लाल अक्षर नाही, काही नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गेलेलं परत मिळेल का? असं झालंच कसं? आणि तिसरी, याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही, पण विचारतो: पहिल्याच दिवशी मला ॲपमध्ये ११ तारखेच्या ९ नोंदी दिसल्या होत्या. ११ ला तर ॲप संस्थेत पोचलंही नव्हतं.

तिसरी पाळी:

सचिवसाहेब, आधी वाईट बातमी. परत मिळणार नाही. प्लॅटफॉर्मच्या मदतकक्षाला एक मेल जरूर टाका, पण त्याच्या भरवशावर तीन दिवस घालवू नका. उत्पादकांच्या कार्डावर काही लिहिलं जातं का? जात असेल तर आजच कार्डं गोळा करायला लागा, बाकीचं नंतर वाचा.

आता कारण. (मी पुण्यात सर्व्हर राखायला बसते, रात्रपाळीला, नावावरून कळलंच असेल.) तुम्ही पुश केलंत की प्लॅटफॉर्म रेपोतला कोड उचलून ॲपचा नवा कंटेनर, म्हणजे ॲपची तात्पुरती खोली, बांधतो. नवा उभा राहिला की जुना बंद करून फेकून देतो, त्याच्या डिस्कसकट. नोंदी त्या जुन्या डिस्कवर होत्या. नव्या कंटेनरमध्ये आली ती रेपोत ठेवलेली डेटाबेसची फाइल, म्हणजे चंद्रीच्या १४ नोंदी. ॲपच्या दृष्टीनं काहीच बिघडलं नाही. फाइल हवी होती, फाइल मिळाली. म्हणून एरर आला नाही.

आता मला खटकलेली गोष्ट. फुकटच्या प्लॅनवर ॲपकडं थोडा वेळ कुणी फिरकलं नाही की ते झोपवतात. पहाटेचा तो मिनीटभर त्यामुळेच गेला. आणि झोपवतात तेव्हाही सहसा तो कंटेनर जातो, डिस्क जाते. म्हणजे तुमच्या नोंदी पहिल्याच दुपारी उडायला हव्या होत्या. सहा दिवस टिकल्या कशा? तुम्ही 'मिटवलं' म्हणताय त्यातच उत्तर असावं. दर काही मिनिटांनी ॲपला टोचून जागं ठेवणारी एखादी सेवा लावलीत ना?

बिनपगारी सचिव:

ताई, हात जोडले. होय. दर दहा मिनिटांनी एक टोचणी लावली होती. फार हुशारी केली असं वाटत होतं.

तिसरी पाळी:

सगळेच लावतात, वाईट वाटून घेऊ नका. मीही लावली होती, एका लग्नाच्या निमंत्रणाच्या साइटला. फक्त तुमच्या टोचणीनं दोष सहा दिवस झाकून ठेवला. टोचणी नसती तर १२ च्या संध्याकाळीच चंद्री दिसली असती आणि गेली असती एकच पाळी. बरं, डिप्लॉय केलं नसतं तरी हे कधीतरी होणारच होतं. प्लॅटफॉर्म आपल्या सोयीनं कंटेनर हलवतात. हेरोकू या प्लॅटफॉर्मवर तर साधारण दिवसातून एकदा प्रत्येक डायनो (त्यांचा कंटेनर) पुन्हा सुरू होतो, तसं त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. गूगलच्या क्लाउड रनमध्ये तुम्ही लिहिलेली फाइल डिस्कवर जातच नाही, मेमरीत राहते. इन्स्टन्स (ॲपची चालू प्रत) गेला की गेली.

तुमच्या ९ नोंदींचंही सांगते. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं, आपण त्याच्या साडेपाच तास पुढं. म्हणजे आपल्याकडं पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत सर्व्हरकडं आदलीच तारीख असते. तुमचं संकलन किती वाजता सुरू होतं? पाचला असेल तर पाच ते साडेपाचमध्ये जेवढ्यांनी दूध घातलं तेवढे सगळे काल जमा. १२ च्या पहाटेचे पहिले ९ जण, दुसरं काही नाही.

बिनपगारी सचिव:

पाचलाच. आणि तुम्ही म्हणताय ते वाचून अंगावर काटा आला, कारण पहिल्या नऊमध्ये रोज तीच माणसं असतात. पहिला नंबर कायम एका आजींचा, बाहेर अंधार असतो तेव्हा किटली घेऊन पायरीवर बसलेल्या असतात. त्यांचं २१ च्या सकाळचं दूध २० च्या बिलात शिरलं असतं. आणि आजींना प्रत्येक पाळीचं लिटर, फॅट तोंडपाठ असतं. काढा बिल आणि बघा मग.

तारीख मी 'डेटटाइम डॉट नाऊ', म्हणजे सर्व्हरची आत्ताची वेळ, अशीच घेतलीय. तिथं 'एशिया कोलकाता' (भारतीय वेळ) टाकलं की झालं का?

तिसरी पाळी:

टाका, पायथन ३.९ पासून झोनइन्फो (देशोदेशीच्या वेळा सांभाळणारा भाग) आतच येतं, सहसा वेगळं काही बसवायला नको. पण तेवढ्यावर थांबू नका. नोंद कधी केली ती वेळ वेगळी आणि दूध कुठल्या पाळीचं ही तारीख वेगळी. लाइट गेली, पोरानं संध्याकाळचं दूध कागदावर लिहून दुसऱ्या दिवशी सकाळी ॲपमध्ये भरलं, तर घड्याळ कितीही बरोबर असलं तरी तारीख चुकणार. 'संकलन तारीख' आणि 'पाळी' असे दोन रकाने ठेवा, आजची तारीख आधीच भरलेली दिसू दे, पण माणसाला बदलता येऊ दे. नोंदीची वेळ यूटीसीत राहिली तरी चालेल, ती फक्त भांडण झालं तर बघायची.

मीटर चालू:

मध्येच तोंड घालतो. फाइल रेपोत होती म्हणालात. रेपो खाजगी आहे ना? उत्पादकांचे बँक खाते नंबर त्यात नाहीत ना?

बिनपगारी सचिव:

नोंदी चंद्रीच्या, पण सभासदांच्या टेबलात ६३ नावं, मोबाइल आणि खाते नंबर खरे होते. रेपो सार्वजनिक होता. आत्ता, हे वाचल्यावर, खाजगी केला. फाइलही डिलीट करून पुश केलं.

मीटर चालू:

डिलीट केल्यानं भागत नाही. गिट इतिहास ठेवतं. मागच्या कमिटवर (जुन्या साठवलेल्या बदलावर) गेलं की फाइल जशीच्या तशी. सरळ नवा खाजगी रेपो काढा, त्यात फक्त कोड टाका, डेटाबेसची फाइल 'गिटइग्नोर'मध्ये (गिटनं घ्यायच्या नाहीत अशा फाइलींच्या यादीत) घाला आणि जुना रेपो उडवा. मधल्या काळात कुणी उतरवून घेतलं असेल तर त्याला इलाज नाही, आबांच्या कानावर घालून ठेवा.

आणि आता सगळे तुम्हाला बँकेचं कार्ड टाकून पैशाचा प्लॅन घ्यायला सांगतील म्हणून आधीच: गूगल क्लाउडवर ५०० रुपयांचा बजेट अलर्ट लावला म्हणजे ५०० वर मीटर थांबतं असं नाही. फक्त मेल येतो. मीटर फिरतच राहतं. कमाल इन्स्टन्स १ करून ठेवा. ॲप झोपलेलं असताना क्लाउड रनचे पैसे लागत नाहीत हे खरं, पण त्याला जोडलेला क्लाउड एसक्यूएलचा डेटाबेस झोपत नाही, तो महिनाभर दिवसरात्र चालतो आणि त्याचं बिल येतं. माझ्या पहिल्या बिलात ॲपचे शून्य रुपये होते, डेटाबेसचे बरेच. घरी दोन दिवस अबोला.

जुना सर्व्हर:

धागा आवडला. मी २००८ साली, गूगलचं ॲप इंजिन (असाच एक प्लॅटफॉर्म) नुकतंच आलं होतं तेव्हा, त्यावर आमच्या सोसायटीची पार्किंगची यादी चढवली होती. तेव्हा फक्त पायथन चालायचं आणि फाइल लिहूच द्यायचे नाहीत. प्रोग्रॅमनं फाइल उघडून लिहायला घेतली की तोंडावर एरर. लोक फार शिव्या घालायचे. आज वाटतं ते बरं होतं. हल्लीचे प्लॅटफॉर्म लिहू देतात, वाचू देतात आणि मग एक दिवस न सांगता पाटी कोरी. सचिवांना पहिल्या मिनिटाला 'लिहिता येणार नाही' असं कळलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

पण मला मुळातला प्रश्न विचारायचाय. दूध संस्थेच्या खोलीत येतं, वजन तिथं होतं, फॅट तिथं निघतं. नोंद मात्र शेकडो मैलांवर जाऊन परत येते. कशाला? भुदरगडात पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा मोबाइलचा टॉवर किती वेळ टिकतो? संस्थेत एखादा जुना संगणक असेलच. ॲप त्यावर चालवा, एसक्यूलाइट त्याच्याच डिस्कवर ठेवा, पोराचा मोबाइल तिथल्याच वायफायवर. जोडीला एक इन्व्हर्टर. ६३ माणसांच्या नोंदींना एसक्यूलाइट आरामात पुरतं, तुमची फाइल दहा वर्षांतही फार फुगणार नाही.

फुकटच्या बाबतीत एवढंच की फुकट आज आहे म्हणून उद्या असेल असं नाही. हेरोकूनं २८ नोव्हेंबर २०२२ पासून फुकटचे डायनो बंद केले. रीतसर आधी जाहीर केलं होतं, पण आमच्यासारखे मेल कुठं वाचतात.

तिसरी पाळी:

सरांशी बऱ्यापैकी सहमत, आणि हे क्लाउडवर पोट भरणारी बाई म्हणतेय. फक्त एक. त्या जुन्या संगणकाची डिस्क गेली तर? किंवा खोलीत पाणी शिरलं तर? कोल्हापूरकरांना २०१९ आणि २०२१ चा पूर सांगायला नको. म्हणून नोंद खोलीत, पण प्रत विश्वासाच्या दुसऱ्या जागी. पाळी संपली की त्या दिवसाच्या नोंदी क्लाउडवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये पाठवा. नेट तेव्हा नसेल तर तासाभरानं पाठवा, कुणाचं अडत नाही. उत्पादकांना घरबसल्या आपलं लिटर-फॅट बघायचं असेल तर ते क्लाउडवरच्या प्रतीतून बघतील. तो भाग झोपला, उशिरा उठला, तरी रांग ओरडणार नाही.

डेटाबेस निवडताना तीन गोष्टी बघा. एक, फुकटच्या डेटाबेसला मुदत असते का. काही ठिकाणी ठरावीक दिवसांनी तो पुसतात, ही ओळ बारीक अक्षरात असते. दोन, जागा मुंबई घ्या. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, गूगलचं २०१७ पासून, मायक्रोसॉफ्टचं तर आमच्या पुण्यातच. न बघता पुढं गेलात तर बहुतेक ठिकाणी अमेरिका निवडलेली असते आणि प्रत्येक क्लिक तिकडं जाऊन येतं. तीन, डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड कोडमध्ये लिहू नका, प्लॅटफॉर्मच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये) ठेवा. रेपोचं आत्ताच झालंय म्हणून आठवण.

आणि एसक्यूलाइटची प्रत काढताना ॲप चालू असेल तर फाइल नुसती कॉपी करू नका. नेमकं त्या क्षणी कुणी लिहीत असेल तर अर्धवट प्रत मिळते. त्याची स्वतःची बॅकअपची आज्ञा आहे, ती वापरा. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा. आमच्याकडं एकदा चार महिने रोज रात्री बॅकअप होत होता, शून्य बाइटचा.

मीटर चालू:

रक्कम फ्लोटमध्ये (अंदाजे साठवल्या जाणाऱ्या दशांशात) ठेवलीत की पूर्ण पैशांत? रुपये फ्लोट असतील तर दर आणि लिटरच्या गुणाकारात कुठंतरी पैसा इकडंतिकडं होणार. आजी धरतील.

बिनपगारी सचिव:

मंडळी, उशीर झाला, आज २२. काय काय झालं ते सांगतो.

१८ ला रात्रीच्या एसटीनं गावी गेलो. १२ आणि १३ च्या चार पाळ्या आबांच्या रजिस्टरात होत्याच. उरल्या सात पाळ्या. आमच्याकडं प्रत्येक उत्पादकाचं कार्ड असतं, दूध घातलं की त्यावर टेस्टरवरचा पोरगा पेनानं लिटर, फॅट, एसएनएफ लिहितो. ती पद्धत ॲप आल्यावरही त्यानं सोडली नव्हती. मी सोड म्हणालो होतो. त्यानं ऐकलं नाही, कारण म्हातारी माणसं कार्डावर आकडा बघितल्याशिवाय किटली उचलत नाहीत.

१९ ला सकाळच्या पाळीला प्रत्येकाकडून कार्ड मागून घेतलं. ६१ आली. एक माणूस लग्नाला निपाणीला गेलेला, त्याच्या बायकोनं कार्ड कपाटाच्या वर सापडवून संध्याकाळी दिलं. एक कार्ड खिशात धुतलं गेलेलं, त्यावर १५ तारखेचा नुसता निळा डाग. ती नोंद आबा आणि तो उत्पादक यांनी समोरासमोर बसून ठरवली. मला वाटलं भांडण होईल, तर दोघं एकमेकांना जास्त लिटर धरायचा आग्रह करत होते, मग बरोबर मधलं धरलं.

खरी मदत झाली दूध संघाच्या चलनाची. प्रत्येक पाळीला टेम्पो दूध घेऊन शीतकरण केंद्रावर जातो आणि तिथल्या वजनाचं चलन येतं. कार्डांवरून भरलेल्या नोंदींची पाळीवार बेरीज आणि चलन समोरासमोर ठेवलं. सहा पाळ्या लिटर-दीड लिटरच्या फरकानं जुळल्या, तेवढी घट असतेच. १६ च्या संध्याकाळचा फरक ११ लिटर. शोधता शोधता कळलं की मीच एका कार्डावरचं १.५ हे १२.५ वाचलं होतं. पोरानं टिंबाला जरा शेपूट ओढलंय, एवढंच. ही बेरीज-चलनाची पडताळणी आता ॲपमध्येच टाकतोय. ती आधी असती तर १७ ला पाऊण तास आधी बोंब कळली असती.

बिल काल निघालं. सहा तास उशिरा, पण निघालं. आजींनी कागद हातात घेतला, ओठ हलवत बेरीज केली आणि ठेवला. आमच्याकडं यालाच पावती म्हणतात.

बाकीचं: संस्थेत २०१३ सालचा डेस्कटॉप होता, पशुखाद्याच्या पोत्यांमागं. त्यावर ॲप बसवलं. पहिल्या दिवशी पोराच्या मोबाइलवर उघडेना. फ्लास्क फक्त त्याच संगणकापुरतं ऐकत होतं, १२७.०.०.१ वर. ०.०.०.० (बाहेरूनही ऐक) केलं तेव्हा उघडलं. नंतर फ्लास्कचा स्वतःचा चाचणीपुरता सर्व्हर काढून गनिकॉर्न हा पक्का सर्व्हर लावला. संकलन तारीख आणि पाळी वेगळी केली. फ्लोट काढून सगळं पैशांत ठेवलं, ५२.३० चे ५२३०. (मीटर चालूसाहेब, फ्लोटनं चार बिलांत एकेक पैसा फरक होताच.) रेपो नवा. आबांना खाते नंबरांचं सांगितलं, ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत. नंतर सगळ्यांना सांगून आले की अनोळखी फोनवर ओटीपी देऊ नका.

क्लाउडवरच्या प्रतीचं काम अर्धवट आहे. मुंबईतला डेटाबेस उघडला, पण पाठवणारा कोड पुढच्या रविवारी.

एक राहिलं. आबा पुन्हा रजिस्टर लिहायला लागलेत आणि आता ते बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही. पण एकाच पाळीची नोंद दोनदा होतेय याचा टेस्टरवरच्या पोराला वैताग येतो. पाळी संपल्यावर रजिस्टरच्या नमुन्यातच, तशाच रकान्यांचा कागद छापून आबांना सही करायला दिला तर? डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, पण त्यावर देवनागरी जोडाक्षरं तुटतात, 'म्हैस'चं 'म्‌हैस' होतं. कुणी केलंय का हे?

जुना सर्व्हर:

केलंय. मजकूर म्हणून पाठवू नका, पानाची पीडीएफ करून चित्र म्हणून छापा. हळू छापतं आणि आवाज फार करतं, पण 'म्हैस' शाबूत राहते. पीडीएफ बनवणारी लायब्ररी निवडताना आधी 'श्री', 'क्ष' आणि 'र्‍या' छापून बघा, तिथंच बहुतेक माना टाकतात. सापडली की कळवतो कुठली, घरच्या लॅपटॉपवर आहे.